मिरची खाऊन पोपट बोलतो?

‘पोपटाला रोज हिरवी मिरची घाला, जीभ सुटते.’ घरोघरी ऐकू येणारा सल्ला. (देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणंच मुळात बेकायदा आहे, ते सल्ला देणारा सांगत नाही.) मिरचीतल्या ज्या कॅप्सेसिनने आपलं तोंड पोळतं, ते पक्ष्यांना झोंबतच नाही. म्हणून तर पोपट मिटक्या मारत मिरची खातो. जीभ हलवून तो आवाजाला वळण देतो हे खरं. पण बारीक जिभेची डोंगरी मैनाही स्वच्छ बोलते. दोघांचाही आवाज निघतो छातीत, श्वासनलिकेला फाटे फुटतात तिथल्या स्वरयंत्रातून.

खरी गोम मेंदूत आहे. ऐकून नवे आवाज शिकणं मुख्यतः पोपट, गाणारे पक्षी आणि हमिंगबर्ड यांनाच जमतं. त्यांच्या मेंदूत त्यासाठी खास केंद्रं असतात. पोपटात तर या केंद्रांभोवती आणखी एकेक कवच असतं. कोंबडीकडे ही यंत्रणाच नाही, तिला पोतंभर मिरच्या चारल्या तरी.

‘फॉक्स-पी-टू’ला बोलण्याचं जनुक म्हणतात, तेही अर्धवटच. ते कोंबडीतही असतं! मुद्दा ते मेंदूत कुठे, किती काम करतं हा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या पिल्लांच्या मेंदूतल्या ‘एरिया एक्स’ या गाणं शिकण्याच्या केंद्रात त्याचं प्रमाण कमी केलं. पिल्लं मुकी झाली नाहीत. ती गायली, पण शिकवणाऱ्या नराचे काही सूर गाळून, काही चुकवून.