दोघांचाही ‘बी’, तरी इंजेक्शन कशाला?

मे महिन्याची दुपार. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात कूलरच्या वाळ्याचा ओला वास भरलेला. भाचीला नुकताच अठ्ठाविसावा आठवडा लागला होता. तिची चार वर्षांची लेक बाहुलीला स्वतःचंच जुनं टोपडं घालण्याच्या खटपटीत होती आणि भाचीच्या आत्येसासूबाई दवाखान्याची फाईल डोळ्यांजवळ धरून बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण वाचायचा सोस दांडगा.

“भाऊ, हिचा ‘बी’, नवऱ्याचाही ‘बी’. एकच रक्तगट! म्हणून तर सुया टोचून राहिले हिले. मी लग्नातच म्हटलं होतं, एकनाड हाये, नको.”

हे मी नागपुरात इतक्या वेळा ऐकलं आहे, आणि शिकल्यासवरल्या लोकांकडून, की आता लिहायलाच हवं. तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तरी लग्नाच्या पंगतीत मला हमखास विचारलं जातं : “सर, दोघांचा रक्तगट सारखा आहे, मुलांना काही होणार तर नाही?”

काही होत नाही. नवरा-बायकोचा रक्तगट सारखा असणं ही उलट सर्वांत निर्धोक गोष्ट. आईच्या रक्ताला परकं वाटेल असं बाळाकडे या बाबतीत काहीच नसतं.

आता एकनाड, म्हणजे दोघांची नाडी एकच. गुणमिलनातल्या छत्तीस गुणांपैकी आठ नाडीचे. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट : आद्य, मध्य, अंत्य. जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात, त्यावरून नाडी. ‘नाडी म्हणजेच रक्तगट, आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं’ हे हल्ली ठोकून दिलं जातं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात एका दिवशी जन्मलेली बहुतेक मुलं एका नाडीची. त्यांचे रक्तगट काढून पाहा, सगळे गट सापडतील. रक्तगट आईबापांच्या जीन्सवरून ठरतो, चंद्राकडून नाही. पत्रिका पाहायची त्यांनी खुशाल पाहावी, पण तिला लॅबचा पांढरा कोट चढवू नये.

मग इंजेक्शन कशाला? कारण दोघांचा रक्तगट सारखा नाहीच. भाची बी निगेटिव्ह, जावई बी पॉझिटिव्ह. आत्याबाईंनी अक्षर वाचलं, चिन्ह सोडलं.

ही चूक एकेकाळी डॉक्टरांनाही टाळता येत नव्हती, कारण चिन्हच माहीत नव्हतं. फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी 1939 साली न्यूयॉर्कमधल्या एका बाईची हकीकत छापली. मूल पोटातच गेलेलं, रक्तस्राव झालेला, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. दोघांचाही गट ‘ओ’. तरी तिच्या अंगाने ते रक्त झिडकारलं. लेव्हिन यांनी अंदाज बांधला की बाळाने बापाकडून असं काही घेतलं होतं, जे आईकडे नव्हतं, आणि आईने त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडीज, परक्याला चिकटणारी प्रथिनं) तयार केली. पुढच्याच वर्षी लँडस्टाइनर आणि वीनर यांनी ऱ्हीसस माकडाच्या रक्तावरून ‘आरएच’ हे नाव रूढ केलं. गंमत अशी, की माकडावरून मिळालेलं प्रतिपिंड प्रत्यक्षात दुसऱ्याच रेणूविरुद्धचं निघालं. माकड सुटलं, नाव राहिलं.

आरएच कुटुंबातला महत्त्वाचा सभासद म्हणजे ‘डी’. तांबड्या पेशीच्या आवरणात हे प्रथिन बारा वेळा आरपार गेलेलं असतं, धावदोऱ्याचा टाका कापडातून आतबाहेर जावा तसं. निगेटिव्ह माणसात ते थोडं वेगळं असतं असं नाही. बहुतेकांमध्ये पहिल्या गुणसूत्रावरून त्याचा जीनच गळालेला असतो. डी म्हणजे काय, हे त्यांच्या शरीराने जन्मात पाहिलेलं नसतं. भारतात असे लोक शंभरात पाचेक, युरोपात पंधराच्या आसपास.

पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. गरोदरपणी आईचं आणि बाळाचं रक्त वेगळं असतं, मधे वार (प्लॅसेंटा) असते. वार सुटताना मात्र बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात शिरतं, बहुतेक वेळा एक मिलिलिटरही नाही. आईची प्रतिकारशक्ती डी पहिल्यांदाच पाहते. तयारीला तिला कित्येक आठवडे लागतात, तोवर बाळ घरी पोचून बारसंही झालेलं असतं. सुरुवातीला बनतात ती आयजीएम प्रतिपिंडं, पाच तुकड्यांची चाकासारखी थोराड. ती वारेतून पलीकडे जातच नाहीत. मागाहून बनतात सुटी, इंग्रजी वाय अक्षरासारखी आयजीजी. शिवाय मागे राहतात स्मृतिपेशी, ज्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. दुसऱ्या वेळी बाळ पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या रक्ताचे चार थेंब त्यांना जागं करायला पुरतात.

इथे मला राहवत नाही, थोडं खोलात जातो. आयजीजी पलीकडे पोचतं कसं? गाळणीतून पाणी जावं तसं नाही. वारेच्या बाहेरच्या पेशी आईच्या रक्तद्रवाचे सूक्ष्म घोट घेतात. प्रत्येक घोट एका पिशवीत बंद होतो आणि पिशवी आतून आंबट होते, सामू (पीएच) सहाच्या आसपास. तिथे एफसीआरएन नावाचा ग्राहक (रिसेप्टर) रेणू बसलेला असतो. आंबटपणातच तो आयजीजीची शेपटी पकडतो. जे पकडलं नाही त्याचं पेशी पचन करून टाकते. पकडलेला ऐवज पिशवीसकट पलीकडच्या काठाला लागतो. तिथे सामू 7.4, की पकड सुटली! सहाला धरायचं, सव्वासातच्या वर सोडायचं. एका रेणूतल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाच्या काही घटकांवरचा विद्युतभार बदलतो आणि आईची आयुष्यभराची रोगांशी झालेली ओळख बाळाच्या रक्तात उतरते. पूर्ण दिवसांच्या बाळात आयजीजीचं प्रमाण आईइतकं, कधी आईहून जास्त असतं. गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत लांबवण्याचं एक कारण हेच : आईने दिलेली शिदोरी लसीचेच विषाणू खाऊन टाकते.

एफसीआरएनला मात्र शेपटी तेवढी कळते, हात कुणाचा गळा धरणार ते नाही. गोवराविरुद्धचं प्रतिपिंड जातं त्याच वाटेने डीविरुद्धचंही जातं. बाळाच्या तांबड्या पेशींवर ते चिकटतं आणि बाळाचीच प्लीहा त्या पेशी गिळू लागते. बाळ फिकटतं, हृदयावर ताण येतो, अंगावर पाणी चढतं. फुटलेल्या पेशींमधून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य सुटतं. पोटात असेपर्यंत ते आईचं यकृत निस्तरतं. जन्मल्यावर बाळाच्या कच्च्या यकृताला झेपत नाही, आणि पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसते. फार वाढलं तर ते मेंदूत उतरतं. (साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, बहुधा आपोआप जाते. निळ्या दिव्याखाली ठेवतात तो प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलून त्याला बाहेर जाण्याजोगा करतो. पण म्हणून नागपूरच्या मे महिन्यात सकाळी आठला बाळ ‘कोवळ्या’ उन्हात धरू नका. आपल्याकडे तेव्हा ऊन कोवळं राहिलेलं नसतं.)

‘ए-बी-ओ’चा फरक असला तर एवढं का बिघडत नाही? कारण त्या प्रतिपिंडांचा बराचसा भाग आयजीएम, चाकवाला. ‘ओ’ गटाच्या आईत थोडी आयजीजीही असतात, त्यामुळे बाळाला कधी कावीळ होते, पण सहसा सौम्य.

याच फरकात उपाय दडलेला होता. लेव्हिन यांच्या लक्षात आलं होतं की आई आणि बाळ यांचा ए-बी-ओ जुळत नसेल, तर आरएचचा घोळ कमी होतो. आईत आधीपासून असलेली प्रतिपिंडं बाळाच्या शिरलेल्या पेशी लगेच संपवतात, डी दिसायची वेळच येत नाही. हा धागा लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क यांच्या हाती आला. क्लार्क डॉक्टर, आणि नाद फुलपाखरं पाळायचा. पुच्छवाली फुलपाखरं दुसऱ्यांच्या पंखांची नक्कल कशी करतात, त्याची अनुवंशिकता ते तपासत होते. नकलेच्या जीन्सची गुंफण त्यांना आरएचसारखी वाटली आणि ते रक्ताकडे वळले. त्यांच्या पत्नीने मध्यरात्री उठवून “त्यांना प्रतिपिंडंच द्या” असं सुचवल्याची आठवण सांगतात. म्हणजे ज्या प्रतिपिंडाची भीती, तेच बाहेरून टोचायचं, आईने स्वतः बनवायच्या आत. बाहेरचं प्रतिपिंड काही आठवड्यांत ओसरतं, स्मृती मागे ठेवत नाही. गंमत म्हणजे या मात्रेत ते सगळे डी झाकून टाकण्याइतकं पुरतही नाही, तरी आईची प्रतिकारशक्ती गप्प बसते. नेमकं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक सिंग सिंग तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर हाच प्रयोग करत होते. प्रसूतीनंतर ‘72 तासांच्या आत’ हा नियम तिथून आला. तुरुंगाने भेटीला परवानगी दिली होती ती तीन-तीन दिवसांच्या अंतराने! अमेरिकेत 1968 साली हे इंजेक्शन, म्हणजे अँटी-डी, बाजारात आलं. त्याआधी, ए-बी-ओ जुळणारं पॉझिटिव्ह बाळ झालेल्या निगेटिव्ह आयांपैकी शंभरात सोळाजणींत प्रतिपिंडं तयार होत. बाळंतपणानंतरच्या इंजेक्शनने ते एक-दोनवर आलं, अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणखी एक दिल्यावर हजारात एक-दोनवर. 300 मायक्रोग्रॅमची कुपी बाळाचं तीसेक मिलिलिटर रक्त निस्तरते. हे औषध दात्यांच्या रक्तद्रवातून काढतात. भारतात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून केलेलंही मिळतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी 1954 ते 2018 या काळात 1173 वेळा दान दिलं, त्यातलं बहुतेक या औषधासाठी. ते फेब्रुवारी 2025 मध्ये गेले.

गर्भपात झाला, गर्भ नळीत राहिला, तरीही हे इंजेक्शन लागू शकतं, डॉक्टरांना विचारावं. आणि फाईलमध्ये ‘इनडायरेक्ट कूम्ब्स : निगेटिव्ह’ असं दिसलं तर दचकू नये. ते निगेटिव्ह आनंदाचं आहे, प्रतिपिंडं बनलेली नाहीत.

हे सगळं मी त्या दुपारी सांगितलं. आत्याबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माह्या दुसरं पोरगं असंच हळदीवाणी पिवळं पडलं. पाचव्या दिवशी गेलं. सासू म्हणे, माहीच नजर लागली.”

मला वाटलं, कोडं सुटलं. मोठं मूल सुखरूप, दुसरं पिवळं : पुस्तकातली केस. दुसऱ्याच दिवशी त्यांचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट आला : ओ पॉझिटिव्ह.

म्हणजे डीचा संबंधच नव्हता. आत्याबाईंनी कागद घडी करून फाईलमध्ये ठेवला. “मंग काय होतं, भाऊ?” कावीळ वाढायला कारणं पुष्कळ : जंतुसंसर्ग, ए-बी-ओचा फरक, जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता. साठ वर्षांनंतर यातलं कोणतं, ते कोण सांगणार?

श्रावणात दुसरी मुलगी झाली. नाळेच्या रक्ताचा गट बी निगेटिव्ह, आईसारखा. भाचीला बाळंतपणानंतरचं इंजेक्शन लागलंच नाही.

त्याआधी, जुलैतल्या एका उघडिपीला, भाचीने मोठीच्या झबल्या-टोपड्यांची ट्रंक माळ्यावरून काढली होती. झाकण उघडताच डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतं. तो दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलांत जास्त दिसतो. मी कपडे पुन्हा धुवायला सांगितलं आणि का, तेही.

आत्याबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. “आमच्याही पेटीत हेच राहे,” म्हणाल्या. मग स्वतः उठून एकेक झबलं त्यांनी बादलीत टाकलं. पोट्टी मधे मधे लुडबुडत होती, तिला बाहुलीचं टोपडंही धुवायचं होतं.