लॉगरहेड की रिडले? डायव्हिंगमधल्या कासव-ओळखीची पार्श्वभूमी

जगात समुद्री कासवांच्या जाती सात, त्यातल्या पाच आपल्याकडे, हे डायव्हिंगवाल्यांना माहितीच असतं. त्यांतल्या ग्रीन आणि लॉगरहेड या जातींना शास्त्रीय नावं १७५८ मध्येच मिळाली, हॉक्सबिलला १७६६ मध्ये, ऑलिव्ह रिडलेला १८२९ मध्ये.

खरा घोळ रिडलेचाच झालाय. नाव मिळूनही पुढची शंभरेक वर्षं कित्येक जण तिला लॉगरहेडचाच प्रकार धरून चालले होते, १९३० च्या दशकात सिलोनमध्ये (आताच्या श्रीलंकेत) दोघींतला फरक नीट मांडला गेला, तरी आपल्याकडच्या नोंदी काही लगेच सुधारल्या नाहीत. भारताच्या किनाऱ्यावर लॉगरहेड म्हणून लिहिलेली बरीच कासवं प्रत्यक्षात रिडले होती हे फार उशिरा लक्षात आलं आणि मला हे साधं प्रकरण वाटत नाही, कारण चुकीची नोंद एकदा छापली की पुढचे लोक तीच उचलतात. लॉगरहेडच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना कवचाच्या सहसा पाच-पाच प्लेट्स, रिडलेला सहा किंवा जास्त, त्याही डावी-उजवीकडे सारख्या असतीलच असं नाही. पोटाच्या कडेला लॉगरहेडला तीन जोड्या, रिडलेला चार आणि त्यांत बारीक छिद्रं. आता पोहणाऱ्या कासवाचं पोट कोण बघणार? या खुणा संग्रहालयातल्या नमुन्यांवरून ठरल्या, डायव्हरच्या वाट्याला तशाच आल्या.

ग्रीन-हॉक्सबिलचं तसं सोपं आहे, अंदमान-लक्षद्वीपला जास्त करून याच दोघी दिसतात. डोळ्यांच्या मधे, कपाळावर बघायचं, खवल्यांची एकच जोडी असेल तर ग्रीन, दोन असतील आणि तोंड चोचीसारखं निमुळतं असेल तर हॉक्सबिल. हॉक्सबिलच्या कवचाची मागची कड करवतीसारखी असते, पण नुसत्या त्या कडेवर जाऊ नका, म्हाताऱ्या हॉक्सबिलची कड झिजून गुळगुळीत होते.

पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि ओळख जातीवर थांबली नाही, गालावरच्या खवल्यांच्या नक्षीवरून एकेक कासव वेगळं ओळखता यायला लागलं. डावा आणि उजवा गाल वेगळा असतो, म्हणून दोन्हीकडून फोटो हवा, प्लेट्स मोजायला एक वरूनही, पण त्यासाठी कासवाच्या मागे लागायचं नाही. एवढं मिळालं नाही तर लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, नुसतं 'कासव' लिहा, अंदाजाने लॉगरहेड लिहू नका.