मोटारीच्या ताज्या रंगावरील शिंतोडे काढणे

नव्याने रंगवलेल्या मोटारीच्या पत्र्यावर, काचेवर किंवा रबरावर चुकून बसलेले रंगाचे बारीक कण आणि ओल्या रंगात अडकलेली धूळ, खालच्या थराला इजा न करता काढण्याची क्रिया. गॅरेजमध्ये हे काम ‘फिनिशिंग’मध्ये धरतात. सोलापूरच्या कोरड्या, उष्ण आणि धुळीच्या हवेत ते टळत नाही. चांगला पेंटरही फक्त त्याचे प्रमाण कमी ठेवू शकतो.

शिंतोड्यांचे मूळ फवारणीत आहे. साध्या गनमधून निघालेल्या रंगापैकी निम्म्याहून कमी रंग पत्र्यावर टिकतो, बाकीचा हवेत जातो. ‘एचव्हीएलपी’ (जास्त हवा, कमी दाब) प्रकारच्या गनमध्ये तोंडावरच्या टोपीपाशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत ठेवलेला असतो. त्यामुळे सुमारे ६५ टक्के किंवा त्याहून जास्त रंग कामी येतो, पण उडणे पूर्ण थांबत नाही. बॉनेट मारताना उडालेला रंग छतावर, डिकीवर आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीवर जाऊन बसतो. वर्तमानपत्र आणि मास्किंग टेप लावून गाडी झाकतात. टेपची कड नीट दाबलेली नसेल तर नेमकी तिथूनच फवार आत शिरतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याने यात एक पेच घातला आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या पुढे गेला की गनमधून निघालेल्या थेंबातले थिनर (रंग पातळ करणारे द्रावक) वाटेतच उडते. थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ सुकलेला असतो. तो पसरत नाही, खरखरीत कण होऊन वर बसतो. हे टाळायला उन्हाळ्यात सावकाश उडणारे थिनर घालतात. मग रंग छान पसरतो, पण जास्त वेळ ओला राहतो आणि तेवढ्या वेळात त्यावर धूळ चिकटते. जलद थिनर घ्यावे तर शिंतोडे, संथ घ्यावे तर धूळ. या दोहोंत शिंतोडे परवडले, कारण सुके कण वरच्या वर निघतात. रंगात रुतलेली धूळ कागदाने घासल्याशिवाय निघत नाही. बंद बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) नसलेल्या शेडमध्ये यावरचा जुना उपाय म्हणजे जमिनीवर पाणी शिंपडणे आणि वारा सुटण्याआधी सकाळीच रंग मारून मोकळे होणे.

धुळीतही प्रकार आहेत. रस्त्याची आणि काळ्या मातीची धूळ सगळीकडेच असते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या जवळ हवेत सुताचे बारीक तंतू असतात, आणि ते क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, अडकले की केसासारखी रेघ दिसते. ऊस गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात चिपाडाची काजळी पडते. याच गावचा टेरी टॉवेल भौगोलिक मानांकन मिळवून बसलेला असला, तरी रंगापूर्वी पत्रा पुसायला कोरा टॉवेल घेऊ नये; तो तंतू सोडतो. पुष्कळदा धुतलेला जुना टॉवेल धुण्यापुसण्याला ठीक, मात्र रंगाआधीचा शेवटचा हात चिकट टॅक क्लॉथनेच फिरवावा.

उपाय ठरतो तो कण कोणत्या थरात आहे यावर. गाडी धुऊन वाळवल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवली, तर नुसत्या हाताला न लागणारी खरखर जाणवते. सगळीकडे सारखी खरखर लागली तर कण वर बसलेले आहेत. एखादाच टेंगूळ लागला, त्याच्या भोवती क्लिअर उंचावलेले दिसले, तर धूळ थराच्या आत आहे. डाग दिसतो पण बोटाला काहीच लागत नाही, तेव्हा तो क्लिअरखाली बेस कोटमध्ये, म्हणजे मूळ रंगाच्या थरात, आहे. तिथे घासून उपयोग नाही, तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागतो.

थिनरचा बोळा हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत घातक उपाय. जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग फक्त थिनर उडून सुकतो, म्हणून थिनर लागताच तो पुन्हा विरघळतो. आजच्या मोटारींवरचा टू-के (दोन घटकांचा) रंग त्यात मिसळलेल्या हार्डनरशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतो आणि पूर्ण पकल्यावर थिनरला फारशी दाद देत नाही. पण ताजा असताना तो फुगतो, चमक गमावतो, प्रसंगी सुरकुततो. बूथमध्ये ६० अंशांना सुमारे अर्धा तास भाजलेला रंग थंड झाल्यावर फिनिशिंगला घेता येतो. उघड्यावर सुकलेल्याला निदान एक दिवस द्यावा. नख दाबून खूण उठत असेल तर अजून थांबावे.

वर बसलेल्या कणांसाठी क्ले बार वापरतात. बारीक घर्षककण मिसळलेली ही लवचीक वडी जपानमध्ये तयार झाली. तादाओ कोदाते यांच्या नावावरील तिची अमेरिकन पेटंटे १९९० च्या दशकातली आहेत. पत्रा शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओला ठेवून वडी अगदी हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायची. कण तिच्यात रुततात, म्हणून ती सारखी दुमडून स्वच्छ बाजू वर आणावी लागते. जमिनीवर पडलेली वडी टाकून द्यावी. ती वाचवण्याच्या मोहाने बॉनेटभर ओरखडे उठतात. हे काम सावलीत, पत्रा गार असतानाच करायचे. तापलेल्या पत्र्यावर पाणी सुकते आणि वडी चिकटते.

आत रुतलेल्या धुळीसाठी वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) लागतो. लहान कडक ठोकळ्याला १५०० किंवा २००० नंबरचा कागद लावून फक्त टेंगळाचा माथा घासतात. बोटाखाली कागद धरला तर भोवतीचा पत्राही खोलगट घासला जातो. मग ३००० नंबर, त्यानंतर बफिंग मशीनवर रबिंग कंपाऊंड आणि शेवटी पॉलिश. क्लिअरचा थर साधारण ४० ते ६० मायक्रॉनचाच असल्याने दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला घासायला फारसे उरत नाही. दरवाजाच्या कडा आणि बॉनेटच्या धारा येथे तो आणखी पातळ असतो, म्हणून मशीन लावण्याआधी तिथे टेप मारतात. मेटॅलिक रंगावर काम करताना फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला, तर क्लिअर संपले असे समजून हात थांबवावा. क्लिअर नसलेल्या साध्या एकथरी रंगात मात्र फडके रंगणारच.

काचेवरचे शिंतोडे साबणाच्या पाण्यात भिजवून ब्लेड तिरपे धरून काढता येतात. रबर आणि काळ्या प्लास्टिकला ब्लेड किंवा थिनर लावू नये; तिथे क्ले आणि चिकाटी एवढेच.

घासकाम झाल्यावर गाडी साध्या बोअरच्या पाण्याने धुऊन तशीच उन्हात सोडली तर जड पाण्यातले क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात. पाणी लगेच टिपून घ्यावे. ताज्या रंगातले उरलेले द्रावक बाहेर पडायला वाव हवा, म्हणून वॅक्स साधारण एक ते तीन महिने लावत नाहीत. काम तपासायचे ते शेडमधल्या दिव्याखाली नव्हे, बाहेर उन्हात आणि तिरप्या नजरेने. काळ्या गाडीवर राहिलेल्या बफिंगच्या गोल रेघा तिथेच दिसतात.