क्रमशः कादंबरी (इंग्लंड, १९ वे शतक)

कादंबरी आधी सुट्या मासिक किंवा साप्ताहिक हप्त्यांत छापायची आणि पूर्ण झाल्यावर ग्रंथरूपाने काढायची, ही पद्धत. त्या काळातल्या अनेक इंग्रजी कादंबऱ्या आजही वाचकाला धरून ठेवतात, त्याचे मोठे श्रेय या घडणीला आहे.

मूळ कारण किंमत. तीन खंडांची नवी कादंबरी ३१ शिलिंग ६ पेन्सला मिळे. सामान्य घराला ती परवडत नसे. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’पासून (१८३६–३७) एका शिलिंगचा मासिक हप्ता रूढ झाला. त्यात ३२ पाने मजकूर, दोन चित्रे, रंगीत कागदी वेष्टन आणि जाहिराती असत. असे १८ हप्ते निघत. १९ वा जोडहप्ता दोन शिलिंगांचा. म्हणजे २० शिलिंगांत, तेही दीड वर्षात थोडेथोडे भरून, सबंध कादंबरी घरात येई.

महिनाभराने भेटणारे पात्र वाचकाला लगेच ओळखता यायला हवे. म्हणून प्रत्येकाला ठरलेली लकब किंवा पालुपद दिले जाई. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला (१८४९–५०) कर्जबाजारी मिकॉबर ‘काहीतरी जमून येईल’ या आशेवरच जगतो आणि त्या एका बोलण्याने तो डोक्यातून जात नाही. पुढे डिकन्स प्रत्येक हप्त्याचा आराखडाही कागदावर मांडू लागला: डावीकडे कल्पना आणि स्वतःलाच विचारलेले प्रश्न, उजवीकडे प्रकरणे.

पद्धतीचा जाचही होता. मालिका रेंगाळली की खप पडे. १८६० मध्ये ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात तसे झाले, तेव्हा संपादक डिकन्सने स्वतःची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ डिसेंबरपासून सुरू केली. टॉमस हार्डीच्या ‘टेस’मध्ये (१८९१) नायक गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेतो; ही जवळीक ‘ग्राफिक’ साप्ताहिकाला चालेना, म्हणून तिथे त्याच्या हाती ढकलगाडी द्यावी लागली!

जेन ऑस्टिन या परंपरेबाहेरची. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) एकदम तीन खंडांत आली. तिची ओढ कथेच्या उत्कंठेपेक्षा वाक्याच्या धारेत आहे.

आजचा वाचक ‘कॉपरफील्ड’ची ६४ प्रकरणे सलग वाचायला घेतो आणि मध्येच थकतो, पालुपदांना कंटाळतो. एका बैठकीला तीन प्रकरणे, म्हणजे साधारण एक हप्ता, हे माप मूळ रचनेशी जुळते. मराठीत हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये अशीच क्रमशः आली.