बाजारपेठेतलं सायकल पार्किंग

मॉल, मंडई, सुपरमार्केट किंवा दुकानांनी भरलेला एखादा रस्ता, अशा ठिकाणी खरेदीला येणाऱ्यांनी सायकल लावावी म्हणून केलेली सोय म्हणजे बाजारपेठेतलं सायकल पार्किंग. स्टेशनवरचं पार्किंग आणि हे यात मोठा फरक आहे. स्टेशनवर माणूस सकाळी सायकल लावतो आणि संध्याकाळी नेतो, त्यामुळे दोन मिनिटं चालायला त्याची ना नसते, पण खरेदीवाला वीस मिनिटांसाठी येतो, परत जाताना हातात पिशव्या असतात, आणि पार्किंग दाराजवळ नसेल तर तो सरळ समोरच्या झाडाला नाहीतर विजेच्या खांबाला साखळी घालतो. म्हणून अमेरिकेतली पादचारी आणि सायकल क्षेत्रातल्या व्यावसायिकांची संघटना सांगते की थोड्या वेळाचं पार्किंग दारापासून साधारण 15 मीटरच्या आत हवं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच, बाकी सगळं यानंतर.

दुसरी गोष्ट सुरक्षितता, आणि ती बरीचशी स्टँडच्या आकारावर ठरते. आपल्याकडे शाळा-कॉलेजात असतं तसं फक्त पुढचं चाक अडकवायचं लोखंडी स्टँड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट, कारण त्यात फ्रेमला आधारच मिळत नाही, धक्का लागला की चाकाला आउट येतो, म्हणजे ते वाकतं, आणि चाक पटकन निघणारं असेल तर चोर चाक तिथंच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो. चांगला मानतात तो शेफिल्ड स्टँड, म्हणजे उलट्या यू आकाराचा जाड पाइप, कमरेपेक्षा थोडा कमी उंच, जमिनीत काँक्रीटने पक्का बसवलेला. दोन्ही बाजूंनी एकेक सायकल टेकते, फ्रेम आणि चाक दोन्ही एका कुलपात येतात, सामान भरताना सायकल कलंडत नाही. दोन स्टँडमध्ये साधारण एक मीटर अंतर हवं, नाहीतर हँडल एकमेकांत अडकतात आणि अर्धे स्टँड रिकामेच राहतात. जागेचं म्हणाल तर एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात, हा हिशोब दुकानदारांनी आणि महापालिकांनी एकदा नीट बघायला हवा.

कुलूप कितीही भारी असलं तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर हवीच. मॉलच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे अंधारात लावलेला स्टँड चोराला सोयीचा, तिथं तो निवांत कुलूप कापत बसतो. दिवा, छप्पर आणि समोर एखादं चालू दुकान किंवा वॉचमनची खुर्ची, एवढं असलं तरी बराच फरक पडतो.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरातलं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. तिथं मुख्य रेल्वे स्टेशन आणि 1973 मध्ये सुरू झालेला होख कॅथरैने हा मॉल यांच्या मधल्या चौकाखाली तीन मजली सायकल पार्किंग आहे, पहिला भाग 2017 मध्ये आणि पूर्ण पार्किंग 2019 मध्ये खुलं झालं, साडेबारा हजार सायकली मावतात, आणि हे जगातलं सगळ्यात मोठं सायकल पार्किंग म्हणून प्रसिद्ध आहे. पण आकड्यापेक्षा तिथं चालवण्याची पद्धत मला जास्त महत्त्वाची वाटते. सायकलवरून न उतरताच आत जाता येतं, कुठल्या रांगेत किती जागा रिकामी आहे ते बोर्डावर दिसतं, आत माणसं कामाला आहेत, दुरुस्तीचं दुकान आहे, लहान मुलांना किंवा सामान न्यायच्या लांब सायकलींना वेगळी जागा आहे. आणि पहिले 24 तास फुकट, पैसे त्यानंतर लागतात. म्हणजे भाजी घ्यायला किंवा कपडे बघायला आलेल्याला एक पैसा पडत नाही, सायकल तिथं टाकून निघून जाणाऱ्याला मात्र पडतो. तिथले रॅक एकावर एक असे दोन थरांचे आहेत, वरच्या रॅकवर सायकल चढवताना ताकद लागते, जड ई-सायकल असेल तर जास्तच, दोन मजली रॅकची ही अडचण आहेच.

जपानने वेगळा रस्ता धरला. स्टेशनबाहेर सायकलींचे ढीग लागायला लागल्यावर तिथं 1980 मध्ये कायदा झाला आणि डिपार्टमेंट स्टोअर, सुपरमार्केट, बँक अशा गर्दी खेचणाऱ्या इमारतींना सायकल पार्किंग करायला लावण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. ज्याच्याकडे गिऱ्हाईक येतं त्यानेच जागा द्यायची, हे तत्त्व मला एकदम बरोबर वाटतं. बऱ्याच ठिकाणी चाक आपोआप लॉक होणारे स्टँड असतात, पहिले एक-दोन तास फुकट, मग नाणी टाकून सोडवायचं. टोकियोत जमिनीखाली विहिरीसारखी यंत्रंही आहेत, एका यंत्रात 204 सायकली, सायकल परत वर यायला काही सेकंद.

आपल्याकडे ही सोय पूर्वी होती आणि चांगली होती. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा थिएटर, मंडई, स्टेशन सगळीकडे सायकल स्टँड असायचे, नंबरचा एक बिल्ला हँडलला आणि तसाच दुसरा तुमच्या हातात, बिल्ला दाखवल्याशिवाय स्टँडवाला सायकल सोडत नसे. थोडक्या पैशांत राखण व्हायची आणि एका माणसाला रोजगार मिळायचा. पुढे त्याच जागांवर स्कूटरी आणि मोटारसायकली आल्या. आज लक्ष्मी रोड, तुळशीबागेत पी-वन पी-टूचे, म्हणजे सम-विषम तारखांच्या पार्किंगचे, बोर्ड वाचत लोक गाड्यांना जागा शोधतात आणि सायकल घेऊन आलेल्याने कुठं लावायची हे कुणी सांगत नाही. बऱ्याच मॉलमध्ये बेसमेंटला मोटारी आणि दुचाकींची आखणी असते, सायकलवाल्याला गार्ड या गेटवरून त्या गेटवर पाठवतो. पुणे महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही रस्त्यावर आल्या, पण त्या सायकली ठेवायला ठरलेल्या जागा पुरेशा नव्हत्या, मग फुटपाथवर आडव्या पडल्या, मोडतोड झाली आणि बहुतेक गायब झाल्या.

गिऱ्हाइकाने स्वतः करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. मागच्या चाकाच्या कुलपावर विसंबू नये कारण सायकल उचलून नेता येते, फ्रेम एखाद्या पक्क्या वस्तूला बांधावी. पेडलच्या जोडाखाली फ्रेमवर ठोकलेला नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवावा, सायकलला नंबरप्लेट नसते त्यामुळे चोरीची तक्रार देताना तीच ओळख.

स्टँड बांधून झाला की काम संपत नाही, बेवारस सायकली उचलाव्याच लागतात. हवा गेलेल्या, गंजलेल्या सायकली महिनोन्महिने तशाच राहिल्या की रोजच्या लोकांना जागा उरत नाही आणि ते परत रेलिंगकडे वळतात. नेदरलँड्स आणि जपानमध्ये अशा सायकलींवर नोटीस चिकटवतात, ठरलेल्या मुदतीत मालक आला नाही तर उचलून गोदामात नेतात आणि सोडवायला बऱ्याचदा पैसे भरावे लागतात.