भोक आधी, छपाई नंतर: पंच केलेल्या कागदामागचा इतिहास

मुंबईच्या फोर्टातल्या स्टेशनरीच्या दुकानात ‘पंच केलेला ए४ आहे का?’ असे विचारले की काउंटरवरचा माणूस उलट विचारतो, ‘कशासाठी? बॉक्स फाइल, कॉम्ब, वायरो की स्पायरल?’ प्रश्न रास्त आहे. कॉम्ब म्हणजे प्लॅस्टिकच्या कंगव्यासारखी पाठ, वायरो म्हणजे दुहेरी तारेची कडी, स्पायरल म्हणजे भोकाभोकांतून फिरवत नेलेले एकच लांब वेटोळे, म्हणजे कॉइल. बॉक्स फाइल धरून या चौघांची भोके एकमेकांशी जुळत नाहीत. बॉक्स फाइलचे माप मिलिमीटरात ठरले, कॉम्ब आणि वायरोचे इंचात. स्पायरलचे माप तर बरेचदा दुकानातल्या मशीनवरच ठरते. कोरा कागद कुठेही चालतो. भोके पाडलेला कागद छपाईआधीच एका बांधणीला बांधला गेलेला असतो, म्हणून ही मापे कुठून आली ते कळले की खरेदीतल्या निम्म्या चुका टळतात.

आपल्याकडे कागद सांभाळण्याची जुनी रीत भोकाची नव्हती, फडक्याची होती. पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत आणि ‘रुमाल’ हे मोजण्याचे एककही झाले. पुढे इंग्रजी अमलातल्या कचेऱ्यांत फाइल आली, तिच्याबरोबर टोचा आणि टॅग आले. वरच्या डाव्या कोपऱ्यात टोच्याने एक भोक पाडायचे, टॅग ओवायचा, पुढचा कागद त्यावर चढवायचा. सरकारी कार्यालयांत ही पद्धत अजून चालू आहे, आणि तिच्या टिकण्याचे कारण साधे आहे. भोक एकच असल्यामुळे त्याला माप लागत नाही. फुलस्केप, लीगल, ए४, अर्धी चिठ्ठी, सगळे एकाच टॅगवर बसते. दुसरे भोक आले की दोन भोकांमधले अंतर आले, आणि अंतर आले की ते कुणीतरी ठरवावे लागते.

ते ठरवण्याची सुरुवात जर्मनीत झाली. बॉनच्या फ्रीडरिश झ्योनेकेन यांनी १४ नोव्हेंबर १८८६ रोजी कागदाला भोके पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे स्टुटगार्टच्या लुई लाइट्स यांनी १८९६ मध्ये खटक्याची फाइल बाजारात आणली. आपण जिला बॉक्स फाइल म्हणतो, तिच्यातली खटका वर केला की उघडणारी कमान ती हीच. पंच आणि फाइल एकमेकांवर अवलंबून असल्याने दोन्हींचे माप एक असणे भाग होते. १९७४ च्या आयएसओ ८३८ या मानकात ते पक्के झाले: दोन भोके, मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिमी, भोकाचा व्यास ६ मिमी, कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत १२ मिमी. चार भोकांचा कागद म्हणजे याच जोडीच्या वर-खाली ८०-८० मिमीवर आणखी एकेक भोक. त्यामुळे चार भोकांचे पान दोन कड्यांच्या फाइलमध्ये बसते, दोन भोकांचे पान चार कड्यांत बसत नाही.

हे माप कागदाच्या मध्यापासून मोजतात, आणि मुंबईत नेमकी इथेच गडबड होते. ए४ ची उंची २९७ मिमी, म्हणजे भोके वरून १०८.५ आणि १८८.५ मिमीवर येतात. लीगल कागद ३५५.६ मिमी उंच. दोन्ही आपापल्या मध्यावर पंच करून एकाच फाइलमध्ये लावले तर लीगल पान वर आणि खाली सुमारे २९ मिमी बाहेर डोकावते, आणि काही महिन्यांत त्या कडा दुमडून फाटतात. वकिली आणि मालमत्तेच्या फाइलींत हे हमखास दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून ए४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, किमान ७५ जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन) आणि डावी-उजवीकडे ४ सेंमी समास असा दंडक घातला. त्यातला ४ सेंमी समास बांधणीवाल्यांसाठी वरदानच आहे. एवढ्या जागेत कुठलीही भोके पाडा, अक्षराला धक्का लागत नाही.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिकडे लेटर आकाराचा कागद (२१६ × २७९ मिमी), त्यावर तीन भोके, दोन भोकांत सव्वाचार इंच म्हणजे १०८ मिमी अंतर. बीकेसी किंवा पवईतल्या एखाद्या कार्यालयात अमेरिकेहून आलेले तीन कड्यांचे बाइंडर असतात आणि त्यात आपली दोन भोकांची पाने घालायचा प्रयत्न चालतो. अशा बाइंडरसाठी ‘थ्री होल’ कागद ऑनलाइन मागवताना आकार आधी वाचावा. लेटरचा कागद ए४ च्या ट्रेमध्ये ६ मिमी रुंदीला जास्त भरतो. गाइड जबरदस्तीने बंद केला तर कागद मधून फुगतो आणि प्रिंटर एका वेळी दोन-दोन पाने ओढतो.

कॉम्ब बाइंडिंगचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. अमेरिकेतली जनरल बाइंडिंग कॉर्पोरेशन १९४७ साली स्थापन झाली, आणि तिच्या मशीनमुळे बांधणी प्रेसमधून निघून ऑफिसच्या टेबलावर आली. इथली भोके गोल नसून आयताकृती असतात, साधारण ८ × ३ मिमी. दोन भोकांमधले अंतर ९/१६ इंच, म्हणजे जवळपास १४.३ मिमी. लेटर कागदावर अशी १९ भोके बसतात. तेच अंतर ठेवून ए४ च्या लांब कडेवर २१ बसवली की पहिल्या भोकाची कड कागदाच्या टोकापासून जेमतेम १.६ मिमीवर येते. हाताने पंच करताना पान किंचित सरकले की टोकाचे भोक उघडेच पडते, ते याच कारणाने. ए४ वर पूर्ण २१ भोकांचा पंच केलेला कागद डायवर, म्हणजे भोके पाडणाऱ्या साच्यावर, नेमका कापलेला असतो. त्याचा खरा फायदा इथे आहे.

वायरोची गंमत वेगळी. पातळ अहवालाला इंचाला तीन भोके (३:१), जाड अहवालाला इंचाला दोन (२:१). ए४ वर पहिल्या प्रकारात ३४ आणि दुसऱ्यात २३ भोके येतात. पहिल्यापासून शेवटच्या भोकापर्यंतचे अंतर मोजले तर दोन्हींत बरोबर ११ इंच भरते, २७९.४ मिमी. कागद मेट्रिक झाला, पण भोकांचे माप इंचातच राहिले. व्यवहारात लक्षात ठेवायचे ते हे: ३:१ ची वायर १४ मिमीच्या आसपास संपते, म्हणजे ७५ जीएसएमची साधारण १२० पाने. अहवाल त्यापेक्षा वाढणार असेल आणि कपाटात ३:१ चा कागद भरलेला असेल, तर तो कागद त्या कामाला निरुपयोगी. वर्षअखेरचे अहवाल दरवर्षी थोडे जाडच होत जातात, हे खरेदी करणाऱ्याने धरून चालावे.

स्पायरलसाठी पंच केलेला कागद सहसा न घेतलेलाच बरा. एका मशीनची भोके ६ मिमीवर आणि दुसऱ्याची पाव इंचावर (६.३५ मिमी) असतील, तर विसाव्या भोकाला येईपर्यंत एका घरापेक्षा जास्त फरक पडतो. कॉइल तिथेच अडते आणि कारागीर ती जोराने फिरवून भोके फाडतो. रीम घ्यायचीच असेल तर आपल्या कॉइलचा वीतभर तुकडा खिशात घेऊन दुकानात जावे आणि तिथेच नमुन्याच्या पानात फिरवून पाहावा.

‘भोकासकट विकत मिळणारा कागद’ इथल्या कार्यालयांनी मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा वापरला तो मात्र बांधणीसाठी नव्हता. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची कंटिन्युअस स्टेशनरी आठवा: दोन्ही कडांना अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके, घडीवर घडी, आणि बँकेच्या दिवसअखेरच्या प्रिंटआउटचे ढीग. ती भोके कागद ओढण्यासाठी होती. पण बऱ्याच ठिकाणी कडेची पट्टी न फाडता त्याच भोकांतून नायलॉनच्या दांड्या घालून जाडजूड बाइंडर बांधले जात. ओढण्याचे भोक आणि बांधण्याचे भोक एकच. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन आल्यावर रबरी रोलर सुटे पान ओढू लागला. भोकाची मदत संपली आणि भोक अडथळा झाले. आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या बदलात आहे.

कारण लेझर मशीनमध्ये पान सेन्सरखालून जाते. भोक नेमके सेन्सरखाली आले की मशीनला वाटते पान संपले, आणि जॅमचा दिवा लागतो. भोकांची कड पुढे ठेवून पान आत गेले तर भोकाची किनार रोलरच्या फटीत अडकते, म्हणून लांब कडेने कागद ओढणाऱ्या मशीनमध्ये भोकांची कड मागे असावी. बऱ्याच मोठ्या मशीनच्या ट्रे-सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार म्हणून ‘प्रीपंच्ड’ असा पर्याय असतो, तो निवडावा. न निवडल्यास एकतर्फी आणि दुतर्फी छपाईत पान वेगळ्या बाजूने फिरते आणि सगळा मजकूर व्यवस्थित छापून भोके मात्र उजवीकडे येतात. उपाय दोन मिनिटांचा आहे. एका पानावर पेन्सिलीने बाण काढून ‘वर’ असे लिहा, ते ट्रेमध्ये ठेवून एक दुतर्फी पान छापा, आणि बरोबर निघाले की ट्रेच्या आत तसेच चित्र चिकटवा. शिफ्ट बदलली की माणूस बदलतो, चित्र राहते.

दुसरी चूक डिझाइनमधली. पानाच्या कडेपर्यंत जाणारा रंगीत पट्टा किंवा वॉटरमार्क असेल तर भोकाच्या जागी टोनर बसायला कागदच नसतो. तो आतल्या बेल्टवर किंवा रोलरवर बसतो आणि पुढच्या पानांच्या पाठीवर डाग उमटतात. भोकांच्या बाजूचा २० ते २५ मिमी पट्टा कोरा ठेवा, आणि दुतर्फी छपाईत समास आरशासारखे उलटे ठेवायला विसरू नका.

भोके कशी पाडली आहेत यावरही बरेच अवलंबून असते. गोल भोके दोन प्रकारे पडतात: डायने दाबून किंवा पोकळ ड्रिलने थप्पी भेदून. आयताकृती भोके ड्रिलने पडत नाहीत, त्यांना डायच लागतो. ड्रिलचे बिट बोथट झाले की घर्षणाने कागद तापतो आणि भोकांच्या कडा एकमेकांना चिकटतात. बाइंडर बिटाला मेण लावतात ते यासाठी. डायचा दोष उलटा: भोकाच्या एका बाजूला बारीक किनार उठते, आणि ५०० पानांच्या थप्पीत भोकांची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा उंच दिसते. ट्रेमध्ये ती थप्पी तिरकी बसते. दोन्हींत आणखी एक त्रास आहे तो भोकांतून निघणाऱ्या कागदी टिकल्यांचा. अर्धवट सुटलेली टिकली मशीनमध्ये पडली की सेन्सर झाकते किंवा फ्यूजरपर्यंत, म्हणजे टोनर तापवून पक्का करणाऱ्या भागापर्यंत, पोहोचते. म्हणून रीम फोडल्यावर भोकांची कड खाली करून टेबलावर दोन-चारदा आपटावी आणि पत्ते पिसल्यासारखी पाने पिसून घ्यावीत. टेबलावर मूठभर टिकल्या पडल्या तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडून घ्या.

मग पैसे कधी वसूल होतात? हिशेब करून पाहा. ८० पानांचे ६० संच म्हणजे ४,८०० पाने, साडेनऊ रीमच्या वर. हाताच्या मशीनमध्ये एका दाबात १० ते १५ पाने नीट निघतात, म्हणजे सुमारे ४०० दाब. एवढे काम दर महिन्याला येत असेल तर पंच केलेला कागद घ्यावा. महिन्याला चार-पाच अहवाल असतील तर कोरा कागद आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला हीच जोडी ठीक. शिवाय कागद पंच केलेला घेतला तरी मशीन सुटत नाही. कॉम्ब उघडायला ते लागतेच, आणि पुढची पारदर्शक शीट व मागचा पुठ्ठा त्याच मापाने पंच करावा लागतो. म्हणून पहिली रीम घेण्याआधी आपल्या मशीनवर एक पुठ्ठा पंच करून विक्रेत्याच्या पानावर ठेवून उजेडात धरा. एकवीसच्या एकवीस भोकांतून उजेड सारखा आला पाहिजे.

कंपनीच्या इतिवृत्तांसाठी आणखी एक गोष्ट. सुटी पाने ठेवायची मुभा असली तरी ती क्रमांकित असावी लागतात आणि ठरावीक काळाने पक्की बांधावी लागतात. इतिवृत्त वहीत चिकटवणे नियमात बसत नाही. तेव्हा कड्यांच्या फाइलसाठी पाडलेली भोके पुढच्या पक्क्या शिलाईच्या आड येणार नाहीत, हे बाइंडरला विचारूनच कागद घ्यावा.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा कागदात शिरते ती कडांमधून. कडा लाटेसारख्या होतात, आणि भोकांची कड आधीच कमकुवत असल्याने पान तिथेच वळते. शनिवारी संध्याकाळी एसी बंद होतो, ट्रेमधला कागद दीड दिवस दमट हवेत पडतो, आणि सोमवारी सकाळी पहिल्या दहा पानांतच जॅम येतो. दोष बहुतेक वेळा प्रिंटरला दिला जातो. शनिवारी निघताना ट्रे रिकामा करून कागद रीमच्याच वेष्टनात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, आणि गठ्ठा फरशीवर न ठेवता फळीवर आडवा ठेवा. वेष्टनावर भोकांची बाजू आणि फोडल्याची तारीख मार्करने लिहिली तर सोमवारी कुणालाही ट्रे भरता येतो.