बोलायला उशीर की स्वमग्नता? शब्द मोजण्याआधी बोट बघा

"त्याना बाप बी उशिराच बोलना व्हता." खानदेशात दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून आई काळजीत पडली की घरातलं मोठं माणूस हेच सांगतं. कधी ते खरंही ठरतं. पण याच भरवशावर वर्षं निघून जातात आणि शाळेत नाव घालायच्या वेळी कळतं की अडचण फक्त बोलण्याची नव्हती.

दोन वर्षांच्या मुलाला साधारण पन्नास शब्द यावेत आणि "पानी दे" अशी दोन शब्दांची जोडी जमावी, असं धरतात. तेवढं येत नसेल तर बोलायला उशीर झाला, एवढंच म्हणता येतं. तो नुसता उशीर आहे की स्वमग्नता, म्हणजे इतरांशी संवाद साधणंच वेगळं असणारा ऑटिझम, हे शब्द मोजून कळत नाही.

पोळ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल ओट्यासमोरून चाललाय. नुसतं उशिरा बोलणारं मूल "अं, अं" करत बोट दाखवतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं. त्याला बैल नको असतो, आईनेही तो बघावा एवढंच हवं असतं. मला या वळून बघण्याइतकी महत्त्वाची दुसरी खूण वाटत नाही. स्वमग्न मूल त्याच बैलाच्या गोंड्यांकडे एकटक बघत राहील, हात फडफडवील, नाहीतर वाजंत्रीचा आवाज सहन न होऊन कान झाकून घेईल. पण आपला आनंद दुसऱ्याला दाखवायला बहुधा वळणार नाही. नावाने हाक मारली तरी बऱ्याचदा बघणार नाही.

तहान लागली तरी हाच फरक दिसतो. पहिलं मूल माठाकडे बोट करतं, आईकडे बघतं, ओंजळ तोंडाला लावून दाखवतं. दुसरं अनेकदा आईचं मनगट धरून तिला ओढत नेतं आणि तिचा हात माठावर ठेवतं. चेहऱ्याकडे न बघता, जणू तो हात म्हणजे पेलाच.

याचा अर्थ त्याला माया नाही असा मुळीच नाही. "माझ्या अंगाला चिकटून झोपतो, मग स्वमग्न कसा?" असं आया विचारतात. स्वमग्न मुलंही चिकटतात, हसतात, आईवाचून रडतात. एका खुणेवरून काही ठरत नाही. खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाकच तासन्‌तास फिरवणं, रोजचा रस्ता बदलला की आकांत करणं, येत असलेले शब्द मध्येच विसरणं, अशा गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

आणि भरपूर बोलणारं मूलही स्वमग्न असू शकतं. मोबाइलवरची अख्खी जाहिरात म्हणून दाखवील, "पाणी पाहिजे?" विचारलं तर उत्तर न देता "पाणी पाहिजे?" हेच परत म्हणेल. इथे स्वमग्नतेच्या प्रकारांचा गोंधळ सुरू होतो. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये आणि हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी 1944 मध्ये अशा मुलांची वर्णनं केली. पुढे बोलणं वेळेवर आलेल्या मुलांना 'अ‍ॅस्पर्जर' असं वेगळं नाव मिळालं. 2013 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने हे वेगवेगळे कप्पे काढून एकच 'ऑटिझम स्पेक्ट्रम' ठेवला आणि मदत किती लागते यावरून तीन पातळ्या केल्या. म्हणून जुन्या फाइलीत 'अ‍ॅस्पर्जर' आणि नव्या फाइलीत 'ऑटिझम, पातळी एक' दिसलं तर मुलाचा आजार वाढला असं समजून घाबरू नका.

दोन्हींत पहिली पायरी मात्र एकच: कानांची तपासणी. मोबाइलचं गाणं लागलं की दुसऱ्या खोलीतून धावत येतो, म्हणजे ऐकू येतं, असं गृहीत धरू नका. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असंही असतं. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी 'बेरा' तपासणी लहान मुलाच्या झोपेतही होते. पुढचं बघायला 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाला तिथे पाठवायला सांगा. स्वमग्नतेच्या खुणा दीड-दोन वर्षांच्या वयातच तपासता येतात. निदान पक्कं व्हायची वाट न बघता बोलण्याचे उपचार सुरू करता येतात, आणि नुसता उशीर असला तरी त्यांनी नुकसान काहीच होत नाही.

एका सल्ल्याचं मात्र मला फार वाईट वाटतं. "घरात अहिराणी बंद करा, फक्त मराठी बोला, नाहीतर इंग्रजी." दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही, बोलणंही अडत नाही. शब्द मोजायचेच तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. तपासायला जाताना मूल घरी जे जे म्हणतं ते लिहून न्या, मग ते 'आठे' असो की 'इथे', आणि घरात त्याला कोणत्या लाडक्या नावाने हाक मारता तेही सांगा. कागदावरच्या नावाने हाक मारली तर ते कदाचित वळणारच नाही. ज्या आजीला अहिराणीच येते, तिला ती बंद करायला लावली तर ती नातवाशी बोलायचीच थांबते. दिवसभर त्याच्याजवळ बसणारं, त्याचं बोट कुठे जातंय ते बघणारं माणूस बहुतेक घरांत तीच असते.